माळ्यावरचं मशीन: कोकणात जुना, मोठ्या वॅटचा अँप्लिफायर कसा शोधावा, कसा तपासावा

मोठ्या ताकदीचा जुना अँप्लिफायर घेताना खरेदी असते ती लोखंडाची, म्हणजे मेन्स ट्रान्सफॉर्मरची (घरातल्या विजेवरून मशीनला लागणारं व्होल्टेज करणारा) आणि असलाच तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (मशीन आणि स्पीकर यांच्या मधला). बाकी सगळं बदलता येतं. व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) मिळतात, कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) नवे येतात, जुन्या ट्रान्झिस्टरला पर्यायी नंबर सापडतो, पेटीला रंग मारता येतो. मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर मात्र पुढचा सगळा खर्च पाण्यात. म्हणून नावाजलेल्या मॉडेलच्या मागे धावण्याआधी एक गोष्ट ठरवा: ज्याला कुणी हात लावलेला नाही असं मशीन शोधायचं. बंद पडलेलं असलं तरी चालेल, किंबहुना बंद पडून तसंच ठेवलेलं असेल तर उत्तमच. ‘चालू कंडिशन’ म्हणून विकायला काढलेल्या मशीनमध्ये कुणी काय काय घातलंय ते शोधण्यातच महिना जातो.

कोकणात काय मिळू शकतं

सापडतात ते मुख्यतः तीन प्रकार. पहिला म्हणजे लाऊडस्पीकरवाल्यांकडची देशी मशीनं. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून याच धंद्यात आहे. त्यांची आणि फिलिप्सची व्हॉल्व्हची मशीनं, मग २एन३०५५ ट्रान्झिस्टरवर चालणारी, मागे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट लाइन (लांबवरच्या अनेक भोंग्यांसाठी) असे टर्मिनल असलेली. कोकणात सर्वांत जास्त संख्या यांची, आणि सर्वांत जास्त हाल झालेली मशीनंही हीच.

दुसरा प्रकार सिनेमा थिएटरमधल्या अँप्लिफायरचा. २०१० नंतरच्या काही वर्षांत एकपडदा थिएटरं डिजिटल झाली किंवा बंद पडली, तेव्हा प्रोजेक्शन केबिनमधले रॅक कोपऱ्यात गेले. त्याहून जुने मोनो व्हॉल्व्ह अँप्लिफायर तर आधीच पडद्यामागे किंवा जिन्याखाली टाकलेले असतात. अशा मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला परदेशी संग्राहक विचारत असल्यामुळे शहरातले दलाल थिएटरांवर लक्ष ठेवून असतात. तुम्ही उशिरा पोचण्याची शक्यता इथे जास्त.

तिसरा प्रकार बोटीवरच्या आणि आखातातल्या माणसांनी आणलेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मर्चंट नेव्हीत आणि गल्फमध्ये गेलेल्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातलं जपानी सामान असतंच. त्यात एखादा मोठा यामाहा किंवा सॅन्सुई निघतो, क्वचित इंग्लंडचा क्वॉड ४०५ (१९७५ सालचा, दर चॅनेलला १०० वॅट). अमेरिकन फेज लिनिअर ७०० (दर चॅनेलला ३५० वॅट) किंवा क्राऊन डीसी-३०० (१९६७ सालचा, सुमारे १५० वॅट) सापडला तर नशीब. क्राऊनच्या बाबतीत मात्र सावध राहा. अमेरिकेबाहेर ही मशीनं ‘अ‍ॅमक्रॉन’ नावाने विकली जात. गल्फमधून आलेल्या टेपरेकॉर्डरवर जे ‘क्राऊन’ दिसतं ती जपानी कंपनी, तिचा याच्याशी संबंध नाही. फोनवर ‘क्राऊनचा अँप आहे’ ऐकून गाडी काढू नका, मागच्या पाटीचा फोटो मागवा.

मॅकिंटॉशचा एमसी३५००, म्हणजे १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात वापरलेला ३५० वॅटचा व्हॉल्व्ह अँप, कोकणातल्या माळ्यावर सापडेल या आशेवर राहू नये.

कधी आणि कुणाला विचारायचं

ऑनलाइन जाहिरातींत कोकणातलं जुनं मशीन फार कमी दिसतं. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना ते विकण्यासारखं आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे शोध माणसांतून करावा लागतो.

सुरुवात मंडप डेकोरेटरपासून. पण गणपती, शिमगा आणि लग्नसराई या काळात जाऊ नका, कुणालाही वेळ नसतो. आषाढात धंदा थंड असतो, गोडाऊन उपसून पावसाच्या गळतीपासून सामान हलवलं जातं, तेव्हा तळाचं बाहेर येतं. आजच्या मालकाच्या वडिलांनी धंदा सुरू केला असेल तर त्या म्हाताऱ्या माणसाशीच बोला. ‘काका, भोंग्यांबरोबरचं जुनं मशीन ठेवलंय का अजून?’ एवढं पुरे. पहिल्या भेटीत भाव काढू नये. त्यांच्याकडे नसेल तर तालुक्यात अजून कुणाकडे होतं हे त्यांना पाठ असतं, कारण पूर्वी मोठ्या जत्रेला एकमेकांची मशीनं उसनी नेत. अशी चार नावं मिळाली की निम्मं काम झालं.

दुसरा माणूस जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. चिपळूण, राजापूर, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारपेठेत असा एखादा असतो. दुरुस्तीला येऊन परत न नेलेली मशीनं त्याच्या फळीवर असतात. ती त्याची नसतात, त्यामुळे तो विकायला कचरतो आणि ते बरोबरच आहे. मूळ मालकाचं गाव विचारून घ्या आणि त्याला सोबत घेऊनच बोला.

तिसरा भंगारवाला, आणि खरी शर्यत त्याच्याशीच आहे. त्याच्या लेखी ट्रान्सफॉर्मर म्हणजे किलोवर तांबं. रात्रीत कापून मोकळा होतो. तालुक्यातल्या दोन-तीन भंगारवाल्यांना नंबर देऊन ठेवा आणि स्पष्ट सांगा: न फोडलेलं, झाकणासकट मशीन आलं तर तांब्याच्या भावापेक्षा दीडपट देईन. एकदा दिलेला शब्द पाळला की पुढे फोन त्यांचाच येतो.

बंद घरांचं गणित वेगळं. किल्ली शेजाऱ्याकडे असते, पण विकायचा अधिकार मुंबईतल्या मालकाला. चाकरमानी गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. त्याआधीच फोनवर कल्पना दिलेली असेल तर माळा उघडायला ते तयार होतात. घर सामायिक असेल तर एका भावाच्या ‘हो’वर उचलू नका.

कोकणात काहीच हाती लागलं नाही तर मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट, बोटींच्या भंगारासाठी दारूखाना, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे माल जास्त, पण ‘हात न लावलेला’ जवळजवळ नाही.

वॅटचा आकडा कसा पडताळायचा

पाटीवर पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणिक वॅटचा आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा विसरा. मागचा फ्यूज बघा. २३० व्होल्टला १ अँपिअरचा फ्यूज म्हणजे मशीन आत घेणार जास्तीत जास्त २३० वॅट. त्यातून सलग १३० वॅटच्या वर बाहेर येणं अवघड. दोन्ही चॅनेलला प्रत्येकी २०० वॅट खरंच देणाऱ्या मशीनला साधारण ३ ते ४ अँपिअरचा फ्यूज लागतो. अर्थात पाटीवर छापलेला आकडा धरायचा, खोबणीत काय आहे तो नाही. फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर समजावं की मशीन वारंवार फ्यूज उडवत होतं आणि कुणीतरी कंटाळलं.

वजनही खोटं बोलत नाही. व्हॉल्व्हचं शंभर वॅटचं मशीन एका हाताने सहज उचललं जात असेल तर काहीतरी काढून घेतलंय.

जागेवरची तपासणी

सोबत न्यायचं सामान: मल्टिमीटर, टॉर्च, छोटा आरसा, चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे स्क्रूड्रायव्हर, मगरचिमटे लावलेले १ किलोओहम आणि १० किलोओहमचे १०-१० वॅटचे रेझिस्टर, सिरीज बोर्ड (मशीनच्या वाटेत बल्ब घालून करंट अडवणारा) आणि त्यासाठी ६०, १०० आणि २०० वॅटचे तारेचे बल्ब. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी. तार तापली की तिचा रोध वाढतो, त्या गुणावरच ही चाचणी चालते. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवायचा फिरता ट्रान्सफॉर्मर) असेल तर न्या, पण एकट्या डिमरस्टॅटवर विसंबू नका. शॉर्ट असेल तर तो करंट अडवत नाही.

घरधनी म्हणेल, ‘लावून बघा की, चालतंय!’ नम्रपणे नाही म्हणा. दहा-पंधरा वर्षं पडलेल्या मशीनमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेज सोसत नाहीत. ते फुटले तर परवडलं, शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात.

आधी स्क्रू बघा. खाचा चकचकीत किंवा घसरलेल्या असतील तर मशीन बरेचदा उघडलंय. झाकण काढल्यावर आधी वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. ट्रान्सफॉर्मरवर नवी पिवळी टेप, ताज्या स्लीव्ह किंवा पत्र्यांना कडेने हातोड्याचे ठोके दिसले तर तो रिवाइंड केलेला, म्हणजे तार पुन्हा गुंडाळलेला. मेन्स ट्रान्सफॉर्मर नीट रिवाइंड केला असेल तर चालतो. आउटपुटचा मात्र धोका आहे: मूळ वाइंडिंगमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक असतात, गावठी रिवाइंडिंगमध्ये एकावर एक सरळ गुंडाळतात. मग वरचे सूर जातात आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देणारी जोडणी) जोडला की मशीन शिट्टी मारतं.

आत बोट घालण्याआधी फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवा. ट्रान्झिस्टर मशीनला १ किलोओहम रेझिस्टर मिनिटभर लावून ठेवा: १०,००० मायक्रोफॅरडला साधारण ५० सेकंद लागतात. व्हॉल्व्हच्या मशीनला १० किलोओहम. मग मीटरने खात्री करा. फेज लिनिअर ७०० सारख्या मशीनमध्ये अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजूंना १०० व्होल्टच्या आसपास असतात, म्हणजे टोकाटोकाला २००.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह काढा, दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हच्या ज्या पिनेला ट्रान्सफॉर्मर जोडलेला असतो त्या, म्हणजे अ‍ॅनोडपासून मधल्या टॅपपर्यंतचा (वाइंडिंगच्या मध्यातून काढलेल्या तारेपर्यंतचा) रोध मोजा. दोन्ही बाजू काही दहा ते शे-दीडशे ओहमच्या दरम्यान येतात. दोहोंत दहा-वीस टक्के फरक नैसर्गिक आहे, कारण बाहेरच्या थराची तार लांब असते. एक बाजू तुटलेली दाखवत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा किंवा फक्त पेटीचा भाव करा. रोध बरोबर आला तरी आतले वेढे शॉर्ट असू शकतात. त्यासाठी छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ६ व्होल्ट एसी घ्या, सायकलच्या डायनामोचा ६ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घाला आणि १६ ओहमच्या टर्मिनलला द्या. बल्ब पेटता कामा नये. ईएल३४ या व्हॉल्व्हच्या जोडीसाठी ३,४०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर असेल तर अ‍ॅनोड ते अ‍ॅनोड सुमारे ८७ व्होल्ट दिसतील, मधल्या टॅपपासून दोन्हीकडे त्याच्या निम्मे. हे ८७ व्होल्ट झटका देतात, वायर धरून मोजू नका. बल्ब उजळला आणि मीटरवर आकडा फार कमी आला तर आत शॉर्ट आहे.

मग मेन्स ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह (रेक्टिफायरसकट) काढलेले ठेवून ६० वॅटच्या सिरीज बल्बवर लावा. बल्ब जेमतेम लाल व्हावा किंवा पेटूच नये. पूर्ण पेटला तर लगेच काढा. अर्धा तास असंच ठेवा; ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर नाही. ट्रान्झिस्टर मशीन १०० वॅटच्या बल्बवर लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. कपॅसिटर भरतात तेवढाच तो उजेड. उजळलेलाच राहिला तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर शॉर्ट असतो. दुरुस्त होतं, पण भाव त्याप्रमाणे पाडा. बल्ब मंद झाला तर आउटपुट टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत उत्तम. काही व्होल्ट असतील तर स्पीकर अजिबात जोडू नका. सत्तरच्या दशकातल्या अनेक अमेरिकन मशीनमध्ये स्पीकर वाचवणारा रिले नसतो, मशीन जाताना स्पीकरही नेतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून आवाज बाहेर देणाऱ्या पीए (लाऊडस्पीकरवाल्यांच्या) मशीनला ही डीसीची चाचणी लागू नाही.

व्हॉल्व्हचं मशीन लोडशिवाय (स्पीकर किंवा त्याच्याएवढा रोध न जोडता) कधीही वाजवू नका. अ‍ॅनोडला उसळलेल्या व्होल्टेजने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. आतापर्यंत जपलं तेच जातं.

खारी हवा आणि पूर

किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत ठेवलेलं मशीन वेगळ्या नजरेने बघावं. टीओ-३ (धातूच्या टोपीच्या) ट्रान्झिस्टरखालचा अभ्रक आणि सुकलेली पांढरी पेस्ट मीठ धरते, ओलावा आला की ट्रान्झिस्टरची टोपी आणि हीटसिंक यांत करंट झिरपतो. तिथे मेगाओहममध्ये रोध दिसायला हवा. काही मशीनमध्ये हीटसिंकच लाइव्ह असते, तेव्हा सर्किट बघून मगच निष्कर्ष काढा. व्हॉल्व्हच्या सॉकेटमधला हिरवा गंज ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. कार्बन झालेली काळी रेघ निघत नाही, सॉकेट बदलावंच लागतं.

ट्रान्सफॉर्मर ओल धरतो. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरने) प्रायमरी ते चॅसी मोजा. २० मेगाओहमच्या वर असेल तर पुढे जा, २ च्या खाली असेल तर लाकडी खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून दोन-तीन दिवस सुकवा आणि परत मोजा. आकडा चढत गेला तर फक्त ओल होती, जागच्या जागी राहिला तर इन्सुलेशन गेलंय.

चिपळूण आणि महाडची मशीनं घेताना जुलै २००५ आणि जुलै २०२१ हे दोन महिने डोक्यात ठेवा. पेटी धुऊन रंगवलेली असली तरी ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये, पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीच्या) मागे, मीटरच्या काचेच्या आतल्या कडेला गाळाची बारीक तांबूस रेघ उरते. आरसा त्यासाठीच. पुरात बुडालेलं मशीन सुट्या भागांसाठीच घ्यावं.

परदेशी मशीन आणि आपला करंट

मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का, आणि तो कुठे आहे, ते आधी. जपानच्या घरगुती बाजारातलं मशीन १०० व्होल्टचं असतं. सौदीत पूर्वी १२७ व्होल्ट होते, त्यामुळे तिथून आलेल्याचा सिलेक्टर ११०-१२० वर असू शकतो. थेट २३० ला लावलं की संपलं.

फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ लिहिलेलं अमेरिकन ट्रान्झिस्टर मशीन आपल्या ५० हर्ट्‌झवर १२० ने चालवलं तर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्व पेलण्याची हद्द संपते), घुमतं आणि तापतं. त्याला १०० व्होल्ट द्या: १२० ला ६० ने भागा किंवा १०० ला ५० ने, उत्तर सारखंच येतं, म्हणजे गाभ्यावरचा ताण तेवढाच. पॉवर मात्र सुमारे ७० टक्क्यांवर येते. दर चॅनेलला दीडशे वॅटच्या मशीनला ७५० ते १००० व्हीएचा, वेगळ्या वाइंडिंगचा स्टेपडाउन लागतो, एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. व्हॉल्व्हच्या मशीनला हा उपाय चालत नाही, हीटर थंड पडतात.

भाव आणि कागद

भाव ठरवताना चांगल्या मशीनची किंमत धरून त्यातून फिल्टर कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टरचा पूर्ण संच किंवा व्हॉल्व्हचा जुळवलेला संच, आणि मेकॅनिकची मजुरी वजा करा. बाजारात एमजे१५००३ सारख्या ट्रान्झिस्टरचे नकली नग भरपूर आहेत, त्यामुळे खात्रीच्या दुकानाचा भाव धरा, रस्त्यावरचा नको.

साध्या कागदावर तारीख, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम आणि विकणाऱ्याची सही घ्या, सामायिक घर असेल तर सगळ्यांची. देवस्थानाचं किंवा मंडळाचं मशीन असेल तर बैठकीतला ठराव आणि पावती हवी. मानकऱ्यांपैकी एकानेच ‘न्या’ म्हटलं तर गावात पुढची दहा वर्षं त्याचीच चर्चा. शाळा किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर ते जडवस्तू नोंदवहीत असतं, निर्लेखन (नोंदीतून रीतसर काढून टाकणं) झाल्याशिवाय कुणालाच विकता येत नाही. वेळ लागतो, पण अशीच मशीनं सर्वांत कमी वापरलेली असतात.

नेणं आणि पहिली खरी चाचणी

व्हॉल्व्ह काढून सॉकेटचा नंबर लिहून वेगळे गुंडाळा. वीस-तीस किलोचं मशीन प्लायवूडच्या फळीला तळाच्या स्क्रूंनी आवळा आणि ट्रान्सफॉर्मर खाली राहील असं ठेवा. आडवं पडलं तर घाटाच्या धक्क्यांनी चॅसीचा पत्रा वाकतो. बसच्या टपावर नको, डिकीतही समोरची बाजू खाली करून नको.

घरी कपॅसिटर बदलून झाले की पूर्ण ताकदीची चाचणी लोडवर करा. १०० व्होल्ट लाइनच्या २५० वॅटच्या मशीनला ४० ओहम लोड लागतो. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साधारण ३५ ओहमचा असतो, तो पाण्याच्या बादलीत बुडवला की लोड तयार. व्हॉल्व्हच्या मशीनला आठ ओहमवर तपासायचं असेल तर हीटरच्या १००० वॅटच्या सहा कॉइल समांतर जोडा, ८.८ ओहम येतात. मोबाइलवरून ४०० हर्ट्‌झचा सूर द्या, कारण साधं मीटर त्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सीला चुकतं. आवाज वाढवत जा. व्होल्टेज वाढायचं थांबलं की मागे या आणि त्या आकड्याचा वर्ग भागिले ओहम करा: ३५ ओहमवर ९५ व्होल्ट म्हणजे २५८ वॅट. पाच मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. बादलीला हात लावायचा नाही, पोरं आणि मांजर बाहेर.

रोज वापरायला लागल्यावर मेन्सचं व्होल्टेज आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजून ठेवा. गावात संध्याकाळी १९० आणि मध्यरात्री २५० असं होतं. मेन्स ट्रान्सफॉर्मरला टॅप २२० आणि २४० असे दोन असतील तर २४० वर ठेवा, आणि वळवाच्या दिवसांत, विजा चमकायला लागल्या की, प्लग भिंतीतून काढून ठेवा. जांभ्या दगडातलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात महिन्याला पाणी घालत जा.